टाकी भरली हे ओळखावे कसे?



घरातली कोणती वस्तू किती शिल्लक आहे, याचा अंदाज आपल्या घरच्या बायामाणसांना अचूक असतो. कणगीवर थाप मारली की ज्वारी किती उरली ते आवाज सांगतो. गॅसचे सिलिंडर जरा कलते करून पाहिले की आणखी किती दिवस पुरेल ते समजते. पण अंगणाच्या कोपऱ्यात, फरशीखाली एक टाकी असते. ती किती भरली असे विचारले, तर सगळे घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. ही टाकी म्हणजे संडासाची टाकी, जिला आपण सेप्टिक टँक म्हणतो.

‘टाकी भरनी का, भाऊ?’ असे चाळीसगावच्या बाजूला कुणी विचारलेच, तर बहुधा उत्तर मिळते, ‘अजून वर आली नाही, म्हणजे भरली नसेल.’ हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे आणि मग बरोबर उत्तर कसे काढावे, हे आज पाहू या. विषय जेवणाच्या वेळी काढण्यासारखा नाही, हे खरे. पण या अज्ञानापायी विहिरी नासतात आणि धडधाकट माणसे दगावतात, म्हणून तो टाळताही येत नाही.

आपल्या राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आले. गावोगावी संडास झाले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु संडास बांधला की काम संपले, असे आपण समजून बसलो. जमिनीखाली काय साठते आहे, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता टाकीच्या आत काय चालते ते बघा. मैला आणि पाणी टाकीत आले की त्याचे तीन थर होतात. जड भाग खाली बसतो, तो गाळ. तेलकट व हलका भाग वर तरंगतो, त्याला आपण साय म्हणू. मधे राहते ते गढूळ पाणी. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू गाळ हळूहळू कुजवतात आणि त्याचे आकारमान कमी करतात. वरून जितके नवे पाणी येते, तितकेच मधल्या थरातले पाणी बाहेरच्या नळीने शोषखड्ड्यात निघून जाते.

यातच खरी मेख आहे. टाकी वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत पाणी बाहेरच्या नळीच्या तोंडापर्यंत चढते आणि पुढे कायम तेथेच राहते. पहिल्या वर्षी झाकण उघडा, नाहीतर दहाव्या वर्षी उघडा, पाणी तेवढ्याच उंचीवर दिसणार! म्हणजे पाण्याची पातळी पाहून टाकी भरली की नाही हे कळतच नाही. जे मोजायचे ते पाण्याखाली आहे. गाळ वाढत गेला की मधल्या पाण्याची जागा आक्रसते. मैला कुजायला वेळ मिळत नाही आणि तो तसाच शोषखड्ड्यात जाऊन बसतो. शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात आणि मगच एके दिवशी संडासाचे पाणी मागे चढते. टाकी ‘वर आली’ ती त्या दिवशी. बिघाड मात्र कित्येक महिने आधी झालेला असतो.

उलट खुणाही फसवतात. संडासाचे पाणी सावकाश उतरते म्हणून लोक टाकी उपसायला धावतात. पुष्कळदा दोष टाकीत नसतोच. नळीत कापड किंवा प्लॅस्टिक अडकलेले असते, नाहीतर हवेच्या नळीत पक्ष्याने घरटे केलेले असते. पावसाळ्यात तर आपल्याकडची काळी जमीन भिजून फुगते आणि पाणी शोषून घेत नाही. तेव्हा तुंबलेला असतो शोषखड्डा आणि बोल लागतो टाकीला.

कुणी म्हणेल, यंत्रयुगात एखादा काटा का बसवू नये? तोही अनुभव जगाने घेतला आहे. अमेरिकेत आणि युरोपात मोटारीवर बांधलेली फिरती घरे पुष्कळ आहेत. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. या गाड्यांच्या पोटाशी मैल्याची बंद टाकी असते आणि ती किती भरली हे दाखवणारे दिवे आत असतात. टाकीच्या भिंतीत खालपासून वरपर्यंत धातूच्या खुंट्या बसवतात. खुंटीपर्यंत पाणी चढले की विजेचा मार्ग पुरा होतो आणि त्या उंचीचा दिवा लागतो. कल्पना चांगली आहे. पण काही दिवसांतच खुंट्यांवर मैला, कागद व चिकटा बसतो. मग टाकी रिकामी केली तरी तो ओला लेप वीज वाहून नेतो आणि दिवा ‘भरली, भरली’ म्हणतच राहतो! म्हणून अशा गाडीतले जाणते लोक दिव्यावर विसंबत नाहीत. माणसे किती, दिवस किती, पाणी किती, हे वहीत मांडतात आणि टाकी भरण्याच्या आतच ती ठरलेल्या जागी रिकामी करतात. भरपूर पाण्याने ती धुऊनही घेतात, म्हणजे लेप कमी बसतो.

आपल्याकडेही काही घरांच्या टाक्यांना बाहेर जायची वाटच नसते. तेथे हाच हिशेब लागू पडतो. माणशी रोज दहा लिटर पाणी धरा. पाच माणसांचे झाले पन्नास लिटर. हजार लिटरची बंद टाकी वीस दिवसांत काठोकाठ! अशा टाकीला तारीखवार नोंद हाच आधार. पण ज्या टाकीला शोषखड्डा आहे, तिचा हिशेब निराळा, कारण तिच्यातले पाणी निघून जाते आणि गाळ तेवढा मागे राहतो.

तो हिशेब अवघड नाही. एका माणसामागे वर्षाला अदमासे चाळीस लिटर गाळ साठतो असे धरावे. समजा, टाकीची लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर आणि पाण्याची खोली एक मीटर आहे. गुणाकार केला की सुमारे ११२५ लिटर झाले. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापला की टाकी उपसावी, असा नियम आहे. तिसरा हिस्सा म्हणजे ३७५ लिटर. घरात पाच माणसे असली तर वर्षाला २०० लिटर गाळ. म्हणजे पावणेदोन-दोन वर्षांनी टाकी उपसायला हवी. घरी दहा माणसे असतील तर वर्षाच्या आतच. टाकी मोठी असली तरी दहा-पंधरा वर्षे तिच्याकडे पाठ फिरवू नये. जुना गाळ तळाशी घट्ट बसतो आणि मग यंत्रालाही तो ओढवत नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमते. तेव्हा टाकी लवकर भरत असेल ना? गाळाच्या दृष्टीने फारशी नाही. सहा पाहुणे दहा दिवस राहिले, तर ते एका माणसाचे दोन महिने झाले. गाळ वाढला सहा-सात लिटर. धोका पाण्याच्या लोंढ्याचा असतो. एकाच दिवशी खूप पाणी आत गेले की तळाचा गाळ ढवळतो आणि बाहेरच्या नळीकडे ढकलला जातो. म्हणून न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी या टाकीत कधीच सोडू नये. ते परसातल्या केळीला किंवा निराळ्या शोषखड्ड्याला द्यावे. ॲसिड आणि फिनाईल बादलीबादलीने ओतू नये, त्याने कुजवणारे जंतूच मरतात. आणि अमुक भुकटी टाकली की टाकी कधी उपसावीच लागत नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

हिशेब झाला, आता पडताळा. त्यासाठी लागतो एक लांब बांबू आणि जुने पांढरे कापड. बांबूच्या खालच्या तीन-चार फुटांना कापड घट्ट गुंडाळून दोरीने बांधा. तपासणीच्या लहान झाकणातून बांबू सरळ तळाला टेकवा, चार-पाच मिनिटे धरा आणि सावकाश वर घ्या. जेथवर कापड काळेकुट्ट झाले असेल, तेथवर गाळ. त्याच्या वर जेथवर नुसते ओले झाले असेल, तेथवर पाणी. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला वीतभर फळी आडवी ठोका. ती साय भेदून खाली घाला आणि हळूहळू वर ओढा. फळी जेथे अडल्यासारखी वाटते, तो सायीचा तळ. दोन्ही मापे झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह खडूने न लिहिता घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, एवढे केले की पुरे.

मात्र हे करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळायच्या. दोन जाणती माणसे असावीत, पोरे लांब ठेवावीत. झाकण काढून बराच वेळ मोकळे सोडावे आणि तोंड झाकणावर ओणवे करू नये. बिडी, काडेपेटी, कंदील जवळ नको. काम होताच झाकण घट्ट लावावे आणि हात साबणाने धुवावेत.

एवढी काळजी का, तेही ऐका. टाकीत मिथेन वायू असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो, तो विषारी आहे. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तुम्ही म्हणाल, वास आला की बाजूला होऊ. पण येथे आपले नाकसुद्धा त्या गाडीतल्या दिव्यासारखेच फसवे ठरते. हा वायू वाढला की थोड्याच वेळात नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते, आणि मरण तर तेथेच असते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहायची आपल्याकडे चाल होती. टाकीच्या बाबतीत ती अगदी घातक आहे. विषारी वायूची खूण दिवा देत नाही आणि मिथेन मात्र भडकू शकतो. शिवाय गाळ शांत असेपर्यंत वायू त्यात कोंडलेला असतो. कुणी आत उतरून तो ढवळला की एकदम बाहेर पडतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा रीतीने एकाच टाकीत दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

म्हणून टाकीत माणूस उतरवायचा नाही, ही गोष्ट मनावर कोरून ठेवा. कायदाही तेच सांगतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून सेप्टिक टँकची साफसफाई करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा कामात मृत्यू आल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही. कुणी आत पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका. ११२ क्रमांकावर कळवा आणि बाहेरूनच दोर टाका.

उपसायचे काम पंपाच्या टँकरने करावे. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, नव्या जंतूंना ते विरजण होते. टँकरवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: मैला नेणार कुठे? तो नाल्यात ओतला तर आपल्या अंगणातली घाण शेजारच्या गावाच्या विहिरीत गेली, एवढेच झाले. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी चांगला पायंडा पाडला आहे. तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांच्या पाळीने घरोघरच्या टाक्या उपसायच्या आणि मैला शुद्धीकरण केंद्रात न्यायचा, अशी ती पद्धत. टाकी भरली का, हे तेथे कुणी विचारत नाही, पाळी आली का एवढे विचारतात.

चाळीसगावकरांनी पुराचीही आठवण ठेवावी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी शहरात आणि गावांत शिरले. अशा वेळी टाक्या पुराच्या पाण्याने भरतात. पाणी ओसरताच टाकी उपसण्याची घाई करू नये. भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने तिच्या भिंती खचतात. जमीन निवळू द्यावी. तोवर विहिरीचे पाणी टीसीएल पावडर टाकल्यावाचून पिऊ नये. एरवीही विहीर आणि टाकी यांत पन्नास-साठ फुटांचे अंतर हवे. आपल्या काळ्या पाषाणात भेगा असतात आणि त्यांतून घाण दूरवर जाते.

ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे, त्यांचे काम सोपे. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे मिटवून ठेवायचा, मग त्याचे निर्मळ खत होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे हे काम स्वतःच्या हातांनी करून दाखवले होते. येथेही खड्डा कोणत्या तारखेला बंद केला, ती तारीख लिहिलेली हवी.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. आपल्या तालुक्यातल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. हिशेबाची परंपरा आपल्याला परकी नाही. घनफळाचे गणित शिकवताना मुलांना घरच्या टाकीची लांबी, रुंदी आणि खोली वडिलांना विचारून यायला सांगा. घरात माणसे किती, टाकी शेवटची कधी उपसली, पुढची पाळी कोणत्या महिन्यात येते, हे त्यांच्याकडून काढून घ्या. मुलाने आणलेले उत्तर घरच्या भिंतीवर लागले, तर त्या घरात झाकण उघडून अंदाज बांधत बसायची वेळ कुणावर येणार नाही, आणि गरिबाच्या पोराला त्या अंधारात उतरवण्याचीही नाही.