सोळा जस्त, एक तांबं, बाकी चाल!

पुणे–हैदराबाद हमरस्त्यावर बीदर जिल्ह्यातलं मन्नाएखेळ्ळी. इथल्या चहाच्या टपरीवर कन्नड, मराठी, दखनी, तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडतात. त्यामुळे पोरांचे पाढेही दुहेरी. मराठीत 'सत्तावीस', म्हणजे सात आधी, वीस मागून. कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु', म्हणजे वीस पुढं, सात मागं. हा उलटसुलट खेळ न अडखळता जमवायचा तर ठेकाच कामाला येतो. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' छापलं तर केवढा गदारोळ झाला! सीमेवरच्या पोरांना त्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं.

गणित पद्यात मांडायची खोड या मुलखाला फार जुनी आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला, तो श्लोकांत. वृत्तात आकडे बसेनात म्हणून गणिती लोक शब्दांचेच आकडे करत. चंद्र म्हणजे १, डोळे २, अग्नी ३, वेद ४, बाण ५. महावीराचार्यांना माळेसारखी उत्तरं येणारे गुणाकार भारी आवडत. १३९ गुणिले १०९ करून बघा. १५१५१ येतात, पुढून वाचा की मागून.

वृत्तांवरून आठवलं. मराठीच्या तासाला 'यमाताराजभानसलगं' घोकलंय ना? त्या दहा अक्षरांत कोणतीही सलग तीन घ्या, एक गण मिळतो. लघु-गुरूंचे आठही गण त्यात येतात आणि एकही दोनदा येत नाही. अशा साखळ्यांना आज गणितात 'डी ब्रॉइन' या डच गणितज्ञाचं नाव आहे. त्याचा निबंध १९४६चा.

आणखी एक गंमत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? टाळ्या वाजवून मोजा: पाच. पाच मात्रा आठ तऱ्हांनी, सहा मात्रा तेरा तऱ्हांनी. जैन पंडित हेमचंद्रांनी हा हिशोब ११५०च्या सुमारास मांडला. सशांच्या जोड्यांच्या कोड्यातून हीच रांग मांडणारं इटालियन गणितज्ञ फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं. म्हणजे जगप्रसिद्ध आकड्यांची ही रांग आपल्याकडे कवितेच्या मापातून निघाली, सशांच्या जोड्यांतून नव्हे.

हे गणितापुरतंच नाही. इतिहास? जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवर पोवाडाच लिहिला. भाषा? शिवकाळातला 'राज्यव्यवहारकोश' म्हणजे दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा सरकारी शब्दकोश. तोही पद्यात! आजच्या शासकीय परिपत्रकांना एखादी चाल लावली तर लोक निदान वाचतील तरी.

हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचत. बहुभाषिक वर्गात गाण्यांतून शिकवायचं तर यापेक्षा जवळचा दाखला शोधायची गरज नाही.

हीच युक्ती परदेशातही चालली. अमेरिकेत डेव्हिड मॅकॉल नावाच्या जाहिरातवाल्याच्या लक्षात आलं की आपल्या मुलाला रॉक गाणी तोंडपाठ, पण पाढे काही येत नाहीत. त्यातून १९७३ साली 'स्कूलहाउस रॉक' ही टीव्हीवरची गाणी सुरू झाली. त्याआधी १९५९ साली टॉम लेहरर या गीतकारानं तेव्हा माहीत असलेली सगळी १०२ मूलद्रव्यं एका जुन्या ऑपेरातल्या गाण्याच्या चालीत कोंबली. चाल उसनी घ्यायला लाजायचं नाही. 'ए बी सी डी' आणि 'ट्विंकल ट्विंकल' यांची चाल एकच, आणि तीही मूळची फ्रेंच.

पण मोठ्यांनी लिहिलेलं गाणं मुलांनी घोकणं म्हणजे अर्धीच मजा. वांडा वॉलेस यांच्या १९९४च्या प्रयोगात दिसलं की कडव्यामागून कडवं तीच चाल आली तरच शब्द जास्त लक्षात राहतात; चाल एकदाच ऐकवून फायदा नाही. आणि स्लामेका व ग्राफ यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः तयार केलेला शब्द डोक्यात पक्का बसतो. कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या 'नली-कली' पद्धतीत गाणी भरपूर आहेत. आता ती रचायला पेन्सिल पोरांच्या हातात द्यायची.

नमुना हवा? बिदरी कामाचा धडा घ्या. साधारण सोळा भाग जस्त, एक भाग तांबं. ओतून भांडं घडवायचं, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवायची. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवून गरम भांड्याला लावायचं. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी पांढरीच राहते. आता हे जात्यावरच्या ओवीच्या ठेक्यात:

जस्त सोळा, तांबं एक,
ओतलं ग साच्यामंदी
किल्ल्याच्या मातीनं काळं,
उरे उजळ ती चांदी

ओळीला आठ अक्षरं. 'नवसागर' घालायला गेलं की माप मोडतं. मग पाचवी ओळ रचा, नाहीतर 'साच्यामंदी'ची ओळच काढून जागा करा. काय ठेवायचं नि काय गाळायचं यावर पोरं भांडतात ना, तिथंच रसायनशास्त्राचा तास सुरू होतो. कारण साचा गाळला तर चालेल, पण नवसागर गाळला तर भांडं काळं कसं होणार?

पुढचा धडा तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू राहतात. 'नायट्रोजन'ला 'भोजन' जुळतं, आणि अर्थही चोख बसतो: जिवाणू तुरीला नायट्रोजन देतात, तूर त्यांना साखर. या जिवाणूंच्या 'रायझोबियम' या नावाला यमक सापडलं तर फळ्यावर लिहून ठेवा.