क्लीव्हलंड बॅरन्स
क्लीव्हलंड बॅरन्स : उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमधील एक धंदेवाईक आइस हॉकी संघ (१९७६–७८). अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या नावाने तो दोनच हंगाम खेळला. त्यांपैकी पहिला, १९७६-७७ चा हंगाम, खेळापेक्षा आर्थिक विपन्नावस्थेमुळेच लक्षात राहिला.

लीगने १९६७ मध्ये संघांची संख्या सहावरून बारा केली, तेव्हा कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे हा संघ स्थापन झाला. तेथे प्रेक्षकवर्ग न लाभल्याने मेल्व्हिन स्विग या मालकाने १९७६ च्या उन्हाळ्यात तो क्लीव्हलंडला हलविला आणि तेथील जुन्या, लोकप्रिय संघाचे नाव त्यास दिले. हंगाम तोंडावर आला असल्याने प्रसिद्धीस व तिकिटांच्या आगाऊ विक्रीस पुरेसा अवधी मिळाला नाही. संघाचे क्रीडागार, रिचफील्ड कॉलिझियम, शहरापासून सु. ३० किमी. दूर, शेतजमिनीत वसलेले होते. त्याची आसनक्षमता १८ हजारांहून अधिक, तर सामन्यास येणारे प्रेक्षक सरासरी सु. ६ हजार. धंदेवाईक संघाचा मुख्य आधार तिकीटविक्री हाच असल्याने खेळाडूंचे वेतन व क्रीडागाराचे भाडे यांचा भार मालकास पेलवेना.

फेब्रुवारी १९७७ मध्ये खेळाडूंचे वेतन थकले. हंगाम पुरा होण्याआधीच संघ बंद पडेल, अशी चिन्हे दिसू लागली व खेळाडूंनी सामन्यास न उतरण्याचा इशारा दिला. अखेर लीग व खेळाडूंची संघटना यांनी मिळून सु. १३ लाख डॉलरचे कर्ज उभे केले. मालकाची देणी भागविण्यास कामगारांच्याच संघटनेने हात द्यावा, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. अशा परिस्थितीत संघाने ८० पैकी २५ सामने जिंकले, ४२ गमावले व १३ अनिर्णित राखले. आपल्या विभागात तो शेवटचा ठरला. तथापि वेतनाची भ्रांत नसलेले डिट्रॉइट व वॉशिंग्टन हे संघ एकूण गुणांत त्याच्याही मागे होते. डेनिस मारूक हा आघाडीचा खेळाडू व झील मेलॉश हा गोलरक्षक या दोघांचा त्यात मोठा वाटा होता.

हंगामानंतर स्विगने संघ जॉर्ज व गॉर्डन गंड या बंधूंना विकला. त्यांनी पैसा ओतूनही दुसरा हंगाम तोट्यातच गेला. जून १९७८ मध्ये लीगच्या संमतीने बॅरन्स संघ मिनेसोटा नॉर्थ स्टार्स या तितक्याच अडचणीतील संघात विलीन झाला आणि लीगमधील संघ अठरावरून सतरावर आले. पुढे १९८१ मध्ये मिनेसोटाने स्टॅन्ली चषकाची अंतिम फेरी गाठली, तेव्हा मेलॉश त्याच संघात होता. रिचफील्ड कॉलिझियम १९९९ मध्ये पाडण्यात आले.