सुट्टीतले बंद घर

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी हटकून येते. गावाचे नाव बदलते, ऐवजाची रक्कम बदलते. वाक्य बदलत नाही. 'बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी' इतके वाचले की वाचक पुढच्या मजकुराकडे वळतो. वस्तुतः या ठरीव वाक्यातील महत्त्वाचा शब्द 'कडीकोयंडा' हा नसून 'बंद' हा आहे. घर बंद होते आणि ते बंद असल्याचे बाहेरच्या माणसाला कळत होते, येथेच चोरीचे निम्मे काम झालेले असते.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो, तेव्हा घरात माणसे झोपलेली असतात. विटा भाजलेल्या की कच्च्या, त्या उपसाव्यात की कापाव्यात, भोकाला आकार कोणता द्यावा, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो आणि मापाची दोरी जवळ नसल्याने जानव्याने माप घेतो. आजच्या घरफोड्याला या विद्येची गरज उरलेली नाही. एक कटावणी आणि थोडी निवांत मिनिटे एवढे भांडवल त्याला पुरते. ती मिनिटे त्याला बहुधा घरमालकच देऊन जातो.

मालक गावी गेल्याची वर्दी चोराला द्यावी लागत नाही. दारात साचलेली वर्तमानपत्रे ती देतात, बाहेरून लोंबणारे भलेमोठे कुलूप देते, गॅलरीतली सुकलेली तुळस देते. दिवाळीत प्रत्येक मजल्यावर आकाशकंदील उजळलेला असताना एकच गॅलरी सलग चार रात्री अंधारात राहिली, तर रस्त्यावरच्या माणसाला आणखी काय सांगायचे राहते? गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याच्या तारखा तर पंचांगानेच जाहीर करून टाकलेल्या असतात. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडली आहे. गाडी कर्जतला पोचत नाही तोच सगळ्या कुटुंबाचे हसरे छायाचित्र, मुक्कामाच्या ठिकाणासह, शेकडो ओळखी-अनोळखी लोकांपर्यंत जाते. तो आनंद परतल्यावर वाटला तर त्याची गोडी फारशी कमी होणार नाही.

पूर्वी माणसे सुट्टीत गावी जात नव्हती असे नाही. परंतु पुण्याच्या वाड्यात किंवा गिरगावातल्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढू लागला की 'कोण पाहिजे?' हा प्रश्न एखाद्या दारातून येईच. त्या चौकसपणाचा जाच होता हे खरेच; कोणाकडे कोण आले, किती वेळ बसले, याची नोंद ठेवणारी नजर सर्वांनाच रुचत नसे. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर अनेक वाडे गेले आणि पुढच्या दशकांत शहरोशहरी सदनिका उभ्या राहिल्या. एकांत मिळाला. समोरच्या दारावरची पाटी पाठ झाली, तिच्यामागचा माणूस अनोळखी राहिला. प्रश्न विचारणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या जागी आता रखवालदाराची वही आणि जिन्यातला कॅमेरा आला आहे. कॅमेरा पाहतो, पण हटकत नाही. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाचे चित्र तो इमानाने टिपून ठेवतो, इतकेच. म्हणून सुट्टीच्या तयारीतली पहिली बाब बाजारात मिळत नाही. ती म्हणजे शेजारच्या घरी जाऊन परतण्याची तारीख सांगणे, दूध आणि वर्तमानपत्र थांबवणे, संध्याकाळी दिवा लावायची कोणाला तरी विनंती करणे. पोलीसही दर हंगामात बाहेरगावी जाण्यापूर्वी ठाण्यात कळवावे, असे आवाहन करतात. फार थोडे लोक ते मनावर घेतात.

कुलपाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून कुलूप सुधारत गेले. ज्या कोयंड्यात ते अडकवले जाते तो मात्र अजूनही पुष्कळ घरांत आखूड स्क्रूंवर, मऊ लाकडाच्या चौकटीत तग धरून असतो. चोर कुलपाशी झुंजतच नाही, तो कोयंडा उपटतो. दाराच्या जाडीत बसणारे कुलूप आणि बाहेरचे लोखंडी जाळीदार दार यांचा खरा फायदा असा की उपटायला हाताशी काही सापडत नाही. शिवाय घरात कोणी आहे की नाही हे बाहेरून ओळखू येत नाही. किल्ली कुंडीखाली ठेवण्याची प्रथा तर दुहेरी घातक आहे. घरफोडीच्या विम्यात सामान्यतः बळाने प्रवेश झाल्याची अट असते, आणि ती अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. सापडलेल्या किल्लीने चोर सरळ आत शिरला, तर ऐवज जातो आणि भरपाईचा हक्कही अडचणीत येतो.

शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात चोराने नेण्यासारखे मुख्यतः एकच असते, ते म्हणजे सोने. सासूची पाटली, मुलीच्या लग्नासाठी वर्षाला एक याप्रमाणे जमवलेली वळी, हे सारे साड्यांच्या घडीत ठेवून कुटुंब गावी जाते. कपाटातल्या साड्या चोर सर्वांत आधी उपसतो. बँकेचा लॉकर अर्थातच बरा. पण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. भाडे २,००० रुपये असेल, तर २ लाख. आजच्या भावात तेवढ्यात किती सोने येते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मोटार किंवा स्कूटर घरीच ठेवून जाणाऱ्यांची गोष्ट याच घराशी निगडित आहे. तिची दुसरी किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. घर फोडणाऱ्याला ती आयती सापडते आणि तो वाहनही घेऊन जातो. कायद्याने सक्तीचा असलेला तिऱ्हाइताचा विमा चोरीची भरपाई देत नाही. चोरीचा विमा उतरवलेला असला, तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडी करून चोरी केल्यास दिवसा दहा वर्षांपर्यंत आणि रात्री चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रात्री आत माणसे निजलेली असतात, हे या फरकाचे कारण असावे. सुट्टीतल्या घराला मात्र भर दुपारही रात्रीइतकीच धोक्याची.

परतल्यावर दार उघडे दिसले, तर आत धावू नये, कशाला हात लावू नये. आधी पोलिसांना बोलवावे. मग तक्रार लिहिताना 'संशय कोणावर?' हा प्रश्न येतो, आणि पहिले नाव बहुधा धुणेभांडी करणाऱ्या बाईचे किंवा रखवालदाराचे निघते. ज्या समाजांना इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्यातून १९५२ साली पुसला गेला; लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. संशयावरून ठाण्यात नेलेल्या मोलकरणीची पुढे निर्दोष म्हणून सुटका झाली, तरी त्या इमारतीतली तिची कामे सुटलेली असतात. तपासाला अशा नावापेक्षा दागिन्यांच्या पावत्या, त्यांची वजने आणि छायाचित्रे, वाहनाचा चासी क्रमांक यांचा उपयोग अधिक होतो. हे कागद मात्र घरातल्या त्याच कपाटात न ठेवता अन्यत्र ठेवलेले हवेत.