कासवाची निद्रा : समज आणि शास्त्र

पौषात बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर गारठा वाढला, की घरातील टाक्यात किंवा हौदात ठेवलेले कासव अन्न सोडते आणि कोपऱ्यात निश्चल पडून राहते. ‘झोपले आहे, उठवू नका,’ असे वडीलधारी माणसे सांगतात. हा समज अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी अनेक कासवे दगावतात. विद्यार्थी आम्हांला याविषयी वारंवार विचारतात, म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. भोवतालचे तापमान उतरले की त्याचे हृदय, श्वसन आणि पचन मंदावते. थंड देशांत हीच अवस्था महिनोन्‌महिने टिकते. तिला शीतनिद्रा म्हणतात. इंग्लंडमधील सेलबोर्नचे निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी टिमथी नावाच्या कासवाच्या नोंदी ठेवल्या होत्या. नोव्हेंबरच्या सुमारास ते बागेतील मातीत स्वतःला पुरून घेई आणि वसंतात वर येई. व्हाइट यांचा ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. ज्याला सर्वांनी नर मानले ते कासव मादी होते, हे पुढे कवचाच्या अभ्यासातून उघड झाले.

टिमथी भूमध्य समुद्राकाठच्या जातीचे होते. अशा कासवांना पाळणारे तेथील लोक काही नियम काटेकोरपणे पाळतात. कासव निरोगी व पुरेशा वजनाचे असेल तरच त्याला झोपू दिले जाते. त्याआधी दोन ते चार आठवडे अन्न बंद करून पाणी मात्र चालू ठेवतात, कारण थंडीत न पचलेले अन्न पोटातच कुजते. निद्रेच्या जागेचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. ते शून्याखाली गेले तर डोळे व अवयव गोठतात. १० अंशांवर गेले तर कासव अर्धवट जागे होऊन साठवलेली शक्ती खर्च करते. अधूनमधून वजन करतात आणि ते फार घटले तर कासवाला उबेत आणून जागे करतात.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. येथे हिवाळ्याची रात्र गार असली, तरी दुपारचे ऊन चांगलेच तापते. म्हणजे कासवाला गाढ निद्रा लागेल एवढी थंडी येथे नसते आणि सावलीतल्या सिमेंटच्या टाक्यात अन्न पचेल एवढी ऊबही नसते. मोकळ्या तळ्यातील कासव दुपारी काठावर ऊन घेते व पुन्हा पाण्यात उतरते. टाक्यातल्या कासवाला ती सोय नसते. म्हणून नाकातून स्राव येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे सुजणे, पाण्यात एका कुशीवर तरंगणे ही लक्षणे झोपेची नसून आजाराची, बहुधा फुप्फुसाच्या दाहाची समजावीत. अशा कासवाला बळेच भरवू नये. उबदार जागी ठेवून पशुवैद्यकाला दाखवावे.

आपल्याकडील कासवाची खरी दीर्घ निद्रा पौषात नसून वैशाखात असते. पोटाखाली पाय झाकणाऱ्या झडपा असलेले मऊ पाठीचे कासव तळे आटू लागले की चिखलात खोल शिरते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. ही ग्रीष्मनिद्रा होय. नेमक्या याच काळात तलावांतील गाळ काढला जातो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून राज्यात आहे आणि ती शेतीला उपकारक आहे. परंतु यंत्राच्या फावड्यात निद्रिस्त कासवही येऊ शकते. गाळ भरताना व शेतात पसरताना शेतकरी बांधवांनी लक्ष ठेवले, तर कित्येक जीव वाचतील.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हे झडपांचे कासव आणि पाठीवर तारे असलेले कासव संरक्षित आहे. त्यांना घरी पाळणे हा गुन्हा आहे. बाजारात मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील. ते नळगंगेत किंवा गावतळ्यात सोडले तर स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते, म्हणून तेही बाहेर सोडू नये. ‘वीस नखांच्या’ कासवाने धनवर्षाव होतो, ही तर निव्वळ फसवणूक आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो अशा भोंदूंना आळा घालण्यासाठीच.

कासव सापडल्यास किंवा घरी असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ही दया डोळस असावी. कासव झोपले आहे की आजारी आहे, हे ओळखण्यापासून तिचा आरंभ होतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ही माहिती आपापल्या गावी पोहोचवावी, एवढीच विनंती.