श्वास, दहा डेसिबल खाली

सकाळी 7. थोड्या वेळाने गल्लीत स्कूलबसचे हॉर्न सुरू होतील, म्हणून नुसतं ऐकण्याचं काम आधी. काल रेकॉर्ड झालेली कादंबरीची दोन प्रकरणं संहिता समोर ठेवून सलग ऐकते, माउसला हात न लावता. कुठला श्वास मजकुराचा आणि कुठला वाचणाऱ्या ताईंच्या थकव्याचा, हे पहिल्याच ऐकण्यात कळतं. नंतर कान सरावतो आणि दोन्ही सारखेच वाटू लागतात.

8.30. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अर्धं मिनिट कुणीही बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. ती रिकाम्या खोलीची शांतता बाजूला काढून ठेवते. श्वास कापून तिथे काहीच ठेवलं नाही, तर हेडफोनमध्ये खड्डा जाणवतो: खोलीची बारीक घरघर एकदम थांबते आणि पुढच्या शब्दाबरोबर परत येते. नॉइज गेटने हेच होतं, वर शब्दाचा शेवटही गिळला जातो. म्हणून मी श्वास सहसा काढत नाही, उतरवते. जो काढावाच लागतो, त्याच्या जागी ही शांतता भरते.

9 ते 12.30. दिवसातलं खरं काम. स्पेक्ट्रोग्रामवर स्वरांच्या आडव्या रेघा दिसतात, श्वास मात्र धुरकट डागासारखा पसरलेला असतो. तो निवडायचा, आठ-दहा डेसिबल खाली आणायचा, दोन्ही कडांना अगदी छोटा फेड द्यायचा. हे सगळं कॉम्प्रेसरच्या आधी. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो. मग एकूण पातळी वर उचलली की श्वासही वर येतात, आणि आधी जे चाललं असतं ते कानाशी फुसफुसायला लागतं.

श्वास आपोआप ओळखणारी साधनं आहेत. मराठीसाठी मी ती फार जपून वापरते. ‘स’, ‘श’, ‘ह’ ही घर्षणाचीच अक्षरं. ‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांच्यामागेही हवा सुटते. साधनाची संवेदनशीलता थोडी वाढवली की ‘खांब’ ‘कांब’कडे झुकतो. ही हवा म्हणजे आपली बाराखडी आहे, तिला हात लावायचा नाही.

दुपारी 1. जेवण, आणि तासभर कानांना पूर्ण सुट्टी. थकलेला कान आवाज वाढवायला सांगतो, आणि वाढवलेल्या आवाजात प्रत्येक श्वास गुन्हेगार वाटतो.

2.30. अवघड प्रकरण. नायिकेला भाऊ गेल्याचं कळतं. उत्तर देण्याआधी ताईंनी अडखळत, दोन टप्प्यांत श्वास घेतलाय. निवेदनात असता तर तो नक्की खाली गेला असता. इथे तो तिचा संवाद आहे, एका डेसिबलनेही हलवत नाही. प्रत्येक श्वास पुसून ‘स्वच्छ’ केलेली पुस्तकं मी ऐकली आहेत. थोड्या वेळाने ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटतो.

याच्या उलट, पुढच्या पानावर ‘घराच्या’ आणि ‘दारात’ यांच्यामध्ये मोठा श्वास आलाय. षष्ठीचा शब्द पुढच्या नामापासून तुटला की अर्थही लोंबकळतो. हा श्वास पूर्ण काढते आणि दोन्ही शब्द जवळ आणते. इतर ठिकाणी मात्र श्वासाचा वेळ तसाच ठेवते. तो खाल्ला तर वाक्यं एकमेकांवर आदळतात.

4.30. शेवटची मोजणी. ॲमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुक मंचाचे निकष मी मराठीलाही लावते: सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर उणे 3 च्या वर नाही, शांततेतला आवाज उणे 60 च्या खाली.

6. ताईंना फोन. “ताई, शेवटच्या तासात धाप लागतेय. उद्या लवकर थांबू या.”

“अगं, नाकाने श्वास ओढते मी, तो वाजतो का?”

“वाजतो. तोंड आधीच थोडं उघडं ठेवा, घसा सैल, आणि चेहरा माईकपासून जरासा वळवा.”

उद्याच्या पानांवर श्वासाच्या जागी पेन्सिलीने तिरक्या रेघा ओढून फोटो पाठवते. शेवटच्या प्रकरणात अर्ध्या पानाची वाक्यं आहेत. तिथल्या रेघा कुठे हव्यात, हे ताईंनी स्वतः एकदा मोठ्याने वाचून ठरवायचं आहे.