अल्प खर्चात कार्यालयीन संगणकांचे रक्षण

सोमवार, १५ मे २०१७. केरळ राज्यातील वायनाड जिल्ह्याच्या तरियोड ग्रामपंचायतीत कर्मचाऱ्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे संगणक सुरू केले. पडद्यावर मात्र रोजच्या नोंदी दिसल्या नाहीत. त्याऐवजी एक धमकी उमटली. संगणकातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद केली असून ती परत हवी असल्यास तीनशे डॉलर ‘बिटकॉइन’ या आभासी चलनात भरावेत, असा तिचा आशय होता. त्याच दिवशी पथनमथिट्टा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीतही हाच अनुभव आला. १२ मेपासून जगभर थैमान घालणारा ‘वानाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू अशा रीतीने डोंगराळ भागातील एका छोट्या पंचायतीपर्यंत येऊन पोहोचला होता. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

आपल्या ग्रामपंचायतीकडे अथवा शाळेकडे चोरण्याजोगे आहेच काय, असा प्रश्न सरपंच आणि मुख्याध्यापक पुष्कळदा विचारतात. तरियोडच्या घटनेत त्याचे उत्तर आहे. विषाणू पाठविणाऱ्याने त्या पंचायतीचे नावही ऐकले नसेल. पावसाचे पाणी घराच्या मालकाची ऐपत पाहून गळत नाही. कौल जेथे फुटलेले असेल तेथून ते आत शिरते. चोराला निरुपयोगी वाटणारा मालमत्ता कर आकारणीचा नमुना ८, जन्म-मृत्यूच्या नोंदी अथवा विद्यार्थ्यांची हजेरी गावाच्या दृष्टीने मात्र अमोल असते. खंडणी मागणाऱ्याचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर चालतो.

वानाक्रायच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. ज्या छिद्रातून तो आत शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने अगोदर, विनामूल्य उपलब्ध करून दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर त्या वेळी दुरुस्त्या मिळत असलेली ‘विंडोज ७’ हीच प्रणाली होती. दुरुस्ती हाती असूनही ती बसविली गेली नव्हती. यात पैशांची अडचण नव्हती. संगणक बंद करताना ‘थांबा, अद्ययावत होत आहे’ अशी सूचना आली की घाईने बटण दाबून तो बंद करावयाचा, ही सवय नडली.

विषाणू म्हणजे काय?

संगणकातील विषाणू हा सजीव नव्हे. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या नकळत काम करावे म्हणून कोणीतरी मुद्दाम लिहिलेली ती आज्ञावली असते. १९८६ मध्ये लाहोर येथे संगणकाचे दुकान चालविणाऱ्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवरील पहिला प्रसिद्ध विषाणू मानला जातो. आपल्या आज्ञावलीची कोणी चोरून नक्कल करू नये म्हणून तो तयार केल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता! आजचे विषाणू लिहिणारे इतके भाबडे नाहीत. ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून पसरत असे. मे २००० मध्ये फिलिपाईन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा विषाणू प्रेमपत्राचा आव आणून ई-मेलने जगभर गेला. वानाक्रायला यांपैकी कशाचीच गरज लागली नाही. जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर तो आपोआप सरकत असे.

वाटा बदलल्या, तरी कार्यालयात येणारे विषाणू आजही मुख्यतः तीन दारांनी येतात: ई-मेल, पेनड्राइव्ह आणि चोरीची आज्ञावली. यांतील तिसरे दार आपणच उघडून देतो. स्थानिक दुरुस्तीवाल्याने ‘फुकट’ बसवून दिलेली विंडोज प्रणाली चालू करण्यासाठी जी कुलूपतोड आज्ञावली वापरली जाते, तिच्यातच कित्येकदा विषाणू दडलेला असतो. शिवाय ती चालावी म्हणून विषाणूरोधक यंत्रणा बंद ठेवावी लागते. अशा संगणकावर मागाहून महागडी विषाणूरोधक आज्ञावली विकत घेणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून खिडकीला गज बसविणे होय.

पेनड्राइव्हचा प्रवास

शाळांतून आणि पंचायतींतून पेनड्राइव्हइतका प्रवास दुसरी कोणतीही वस्तू करीत नाही. प्रश्नपत्रिका घेऊन तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, तेथून पंचायत समितीत आणि तेथून पुन्हा शाळेत येतो. दुकानातील संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. तेथे जडणाऱ्या एका परिचित विषाणूची रीत अशी: तो पेनड्राइव्हमधील खऱ्या फाइली लपवितो आणि त्याच नावांची, कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चित्रे त्यांच्या जागी ठेवतो. शिक्षक आपली फाइल समजून त्यावर टिचकी मारतात आणि विषाणू संगणकात उतरतो.

यावर उपाय साधे आहेत. दुकानासाठी एक स्वतंत्र पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर छपाईपुरत्या पीडीएफ प्रतींखेरीज काहीही ठेवू नये. तो परत आल्यावर त्यातील काहीही न उघडता प्रथम तपासणी करावी व मग तो पूर्ण कोरा करून घ्यावा. संगणकावर फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी सोयही करून ठेवावी. ‘देयक.पीडीएफ’ असे वाटणाऱ्या नावाच्या शेवटी ‘.ईएक्सई’ असे शेपूट आढळले, तर ते देयक नसून चालू होणारी आज्ञावली आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

फुकटात मिळणारे संरक्षण

विंडोज १० आणि ११ या प्रणालींत ‘डिफेंडर’ ही विषाणूरोधक यंत्रणा मुळातच अंतर्भूत आहे. तिला वेगळी किंमत पडत नाही. ती चालू आहे आणि रोज अद्ययावत होते आहे, एवढे पाहिले तरी लहान कार्यालयाची बरीच निकड भागते. अनेक संगणकांवर एका ठिकाणाहून देखरेख ठेवावयाची असेल, तर सशुल्क आज्ञावलीचा विचार अवश्य करावा. मात्र एकाच संगणकावर दोन विषाणूरोधक बसवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंद होतो तो वेगळाच.

याहून उपयुक्त आणि तितकीच विनामूल्य अशी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. संगणक विकत आणल्यावर त्यात जे पहिले खाते तयार होते, त्याला प्रशासकाचे सर्व अधिकार असतात. संगणक परिचालक वर्षानुवर्षे त्याच खात्यातून दाखले काढीत असतात. त्याऐवजी रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे दुसरे खाते तयार करावे आणि प्रशासकाचा परवलीचा शब्द जबाबदार अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात ठेवावा. मग नवी आज्ञावली बसू लागली की संगणक तो शब्द मागतो आणि पुष्कळ विषाणू उंबरठ्यावरच अडतात. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

प्रणालीच्या वयाचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे. विंडोज ७ ला मिळणाऱ्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० च्या बाबतीत तो दिवस १४ ऑक्टोबर २०२५ हा ठरला. कार्यालयांना वाढीव मुदत विकत घेता येते, परंतु ती कायमची नसते. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रांसाठी लिनक्स कुटुंबातील मुक्त प्रणाली हा मार्ग उरतो. ‘सी-डॅक’ या केंद्र शासनाच्या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन उत्तम होते आणि पत्रव्यवहार व तक्त्यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ विनामूल्य मिळते. तथापि घाई करू नये. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेली जुनी पत्रे तो टंक बसविल्याखेरीज वाचता येणार नाहीत, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या काही साधनांना लागणारी पूरक आज्ञावली केवळ विंडोजसाठीच बनविलेली असते. म्हणून देयकांचा संगणक विंडोजवर ठेवून ग्रंथालयातील वा प्रयोगशाळेतील जुनी यंत्रे आधी लिनक्सवर न्यावीत, हे श्रेयस्कर.

स्वाक्षरीचा विषय निघालाच आहे, तर एका प्रघाताचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून रक्कम अदा करताना दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात, त्या एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणून. ती दोन्ही साधने परवलीच्या शब्दांसह एकाच खणात, किंबहुना कायम संगणकालाच लावलेली आढळली, तर विषाणूची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही. काम संपताच साधन काढून ज्याचे त्याने आपल्याजवळ ठेवावे.

नको असलेले टपाल

मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या मालाची जाहिरात त्या काळच्या संगणक-जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली. न मागता धाडलेल्या टपालाचा, म्हणजेच ‘स्पॅम’चा, हा आरंभ समजला जातो. आज त्यात जाहिरातींपेक्षा फसवणुकीचा भाग अधिक धोकादायक आहे. ‘आपली टपालपेटी भरली आहे, येथे परवलीचा शब्द द्या’, ‘प्रलंबित देयक सोबत जोडले आहे’, ‘वरिष्ठ कार्यालयाकडून तातडीचे’ अशी त्यांची ठरलेली भाषा असते. तातडी आणि भीती ही दोन लक्षणे एकत्र दिसली की हात आखडता घ्यावा. पाठविणाऱ्याचे नाव न पाहता त्यापुढील पूर्ण पत्ता पाहावा, आणि शंका असल्यास त्याच पत्राला उत्तर न देता संबंधित कार्यालयाला आपल्याकडील नोंदीतल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये कार्यालयांना आपला तपशील जाहीर करावा लागतो, त्यामुळे ई-मेलचा पत्ता लपवून ठेवणे शक्य नाही. परंतु लोकांसाठी एक पत्ता आणि निरनिराळ्या शासकीय प्रणालींत प्रवेश करण्यासाठी दुसरा, अशी विभागणी करता येते. पहिल्यावर कचरा येईल. दुसरा स्वच्छ राहील. आलेले स्पॅम नुसते पुसून टाकू नये, ‘स्पॅम’ अशी खूण करावी. टपालसेवेची गाळणी त्यातून शिकत जाते. अनोळखी पत्राखालील ‘नाव वगळा’ या दुव्यावर टिचकी मारणे टाळावे, कारण त्यातून पत्ता वापरात असल्याचेच पाठविणाऱ्याला कळते. मोबाइलवर सांकेतांक येणारी दुहेरी पडताळणी जेथे मिळते तेथे ती चालू करावी.

दुसरी प्रत

इतके करूनही विषाणू शिरणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पाच सर्व्हर बाधित झाले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती बाधा न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरील प्रतीमुळे. मोठ्या संस्थेला जे तारते, तेच लहान पंचायतीलाही तारते. फरक फक्त आकाराचा आहे.

काही हजार रुपयांत मिळणाऱ्या दोन बाह्य हार्डडिस्क घ्याव्यात. दर शुक्रवारी आळीपाळीने एकीवर सर्व कामाची प्रत काढावी. प्रत निघताच डिस्क संगणकापासून वेगळी करावी. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या प्रत्येक डिस्कलाही कुलूप लावतो, त्यामुळे कायम जोडून ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे. एक डिस्क कार्यालयाबाहेर, परंतु कुलपात राहावी. आग आणि पूर विषाणूपेक्षा जुने आहेत. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. प्रत काढल्याची नोंद नोंदवहीत नियमित आणि डिस्क मात्र रिकामी, हा प्रकार संकटाच्या दिवशी उघडकीस येतो.

बाधा झाल्यास

पडद्यावर धमकी दिसताच प्रथम जाळ्याची तार काढावी आणि वाय-फाय बंद करावे, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. पडद्याचे छायाचित्र घ्यावे. संगणक लगेच ‘फॉरमॅट’ करण्याचा दुरुस्तीवाल्याचा सल्ला मानू नये. पुरावा त्यातच असतो. खंडणी देऊ नये. जून २०१७ मध्ये ज्या ‘पेट्या’ कुळातील विषाणूने जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, त्याची रचनाच अशी होती की पैसे भरूनही कुलूप उघडले नसते. काही खंडणीखोर विषाणूंच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपीय पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून विनामूल्य मिळतात.

घटनेची माहिती वरिष्ठ कार्यालयाला आणि ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला द्यावयाची असते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनाही घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळविणे बंधनकारक आहे. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते. संगणक स्वच्छ करण्याची विनामूल्य साधने ‘सर्ट-इन’च्याच सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून उपलब्ध आहेत. संगणक बंद पडल्यावर हे क्रमांक त्याच संगणकात शोधता येणार नाहीत. त्यासाठी ते कागदावर लिहून दूरध्वनीजवळच्या भिंतीवर लावावेत.