हात गार का पडतात?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील शिक्षकांना विंचवाची ओळख करून द्यायला नको. जांभ्या दगडाचे गडगे, लाकडांची रास, पेंढा, कोपऱ्यातली चप्पल, कुठेही तो निघतो. मोठा काळा विंचू पाहून मुले पळतात; पण भीती बाळगावी ती लहानशा लाल विंचवाची. नांगी लागते बोटाला, आणि रोगी दगावतो तो हृदय थकून, फुप्फुसांत पाणी भरून. हे कसे होते, ते पाहू.

सुई नसलेल्या पिचकारीत पाणी भरा आणि दट्ट्या दाबा. पाणी सहज बाहेर येते. आता तोटीवर बोट ठेवून छिद्र अर्धवट बंद करा आणि पुन्हा दाबा. अंगठ्याला जोर जास्त लागतो आणि पाणी मात्र कमी येते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो (फळ्यावर 2 × 2 × 2 × 2 असे मांडावे). आपले हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. त्याच्या वाटेवरच्या बारीक धमन्या आवळल्या, तर हृदयाची अवस्था आपल्या अंगठ्यासारखी होते.

विंचवाचे विष नेमके हेच करते. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारे असतात. विषामुळे ती वेळेवर मिटत नाहीत आणि मज्जातंतू संदेश सोडतच राहतात. आधी भरपूर घाम, लाळ आणि वांत्या होतात. मग अॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात उसळतात, धमन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. कातडीकडे रक्त कमी पोचते, म्हणून हातपाय गार पडतात.

पुढचा भाग गणिताचा आहे. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त पाठवते, डावी बाजू ते शरीरभर पाठवते. समजा, बंद वाटेशी झुंजणारी डावी बाजू दर ठोक्याला उजवीपेक्षा फक्त 1 मिलिलिटर रक्त कमी ढकलते आहे. मिनिटाला 100 ठोके धरले, तर 5 मिनिटांत अर्धा लिटर रक्त फुप्फुसांत तुंबेल. एरवी तिथे असते तेच मुळी अर्ध्या लिटरच्या आसपास! हा हिशेब कागदावरचा आहे, शरीर बरीच सावरासावर करते. पण दिशा हीच. तुंबलेल्या रक्तातले पाणी वायुकोशांत झिरपते, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. असे रोगी त्यांनी खाटेशेजारी बसून तासन्‌तास पाहिले. हृदयावर संकट येण्याआधी कोणती लक्षणे दिसतात, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा अनुभव लिहिला. हे मूळचे रक्तदाबावरचे औषध. ते आवळलेल्या धमन्या सैल करते. थकल्या बैलाला चाबूक मारण्याऐवजी गाडीतले ओझे उतरवावे, तसा हा उपाय आहे. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. पुढे हे प्रमाण 4 टक्क्यांखाली आले. 2011 साली डॉ. बावस्कर दांपत्याने महाडच्या 70 रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. जोडीला विंचूविरोधी लस दिलेल्या 35 पैकी 32 जण. धमन्यांचे दार उघडणे आणि दार लावणाऱ्या विषालाच गाठणे, यांतला हा फरक आहे.

प्राझोसिन डॉक्टरांनीच द्यावे. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून रोग्याला आडवेच ठेवतात.

आता मांत्रिकाविषयी. पुष्कळ दंशांत नुसती ठणक असते आणि ती दिवसभरात आपोआप उतरते. यश मात्र मंत्राच्या खात्यावर जमा होते. मूल किती रडते यावरून धोका ठरत नाही. शाळेत कुणाला विंचू चावला, तर त्याचे तळहात आणि पावले हाताने चाचपून पाहावीत. उन्हाने घामाघूम झालेले मूल हाताला गरम लागते. घाम आहे आणि हात गार आहेत, किंवा वांती होते आहे, असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे आणि दंशाची वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी.